आईच्या खोलीची प्रिंट

७ जानेवारी २०२५, मंगळवार

पुतण्या आणि त्याची बायको आज पुण्याला परत गेले. भार्गवीला जाऊन अठरा दिवस झाले. घरात आता मी एकटा.

ही डायरी सिमेंटच्या दुकानदाराने दिवाळीत तिला दिली होती. दर वर्षी अशी एक डायरी ती कामाच्या नोंदींसाठी बाजूला ठेवायची. यंदाची कोरी राहिली. शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं मी आवक-जावक लिहिली. त्यामुळे रोज लिहिण्याची सवय हाताला आहे, मनातलं लिहिण्याची नाही. जे घडेल ते लिहीन.

राहात्यात गेल्या चोवीस वर्षांत बांधलेल्या घरांपैकी कितीतरी घरांचे नकाशे तिने आमच्या पुढच्या खोलीत बसून काढले. लोक तिला मॅडम म्हणायचे आणि मला शाळेमुळे भाऊसाहेब. तिच्या कामात कुणी खोट काढल्याचं मी कधी ऐकलं नाही. या गावात एवढं नाव मिळवायला आयुष्य जातं. तिचं गेलं.

कॉम्प्युटरच्या वर भिंतीला तिच्या कामांची यादी चिकटवलेली आहे. काम पूर्ण झालं की ती त्या नावावर एक रेघ मारायची. तीन नावांवर रेघ नाही, ती कामं मी दुसरीकडे सोपवली. ‘रविराज, बंगला’ या नावावर मात्र दोन रेघा आहेत, आणि त्या इतक्या जोराने मारल्यात की कागद फाटला आहे. ते तर नक्कीच पूर्ण झालेलं असणार.

९ जानेवारी

रविराज स्वतःच आला. हायवेला लागून त्यांची पेरूची बाग आहे. वडील सहादेव यांनी ती जमीन बायकोच्या, झुंबरबाईंच्या नावावर घेतली होती. आता ते नाहीत. रविराज आणि त्याचा धाकटा भाऊ ओम यांना तिथे बंगला बांधायचा आहे.

“भाऊसाहेब, येळ बरोबर न्हाई, मला समजतं. पण मॅडमकडनं एक प्रिंट यायची राहिली.”

“नकाशा तर मंजूर झाला ना?”

“तो झाला. ही दुसरी. आईची खोली दाखवलेली. मॅडमनी काढून ठेवलीय, मी ह्याच खुर्चीत बसून बघितलीय. नुसती छापायची राहिली.”

मी विचारलं, दुसरी कशाला?

“आईला दाखवायला वो! म्हाताऱ्या माणसाला समाधान पाहिजे. खोली बघितल्याबिगर ती अंगठा उठवंना, अन् जमीन आमच्या नावावर झाल्याबिगर बँक आम्हाला दारात उभी करंना.” असं म्हणून तो हसला.

मला १९ डिसेंबर आठवला. भार्गवी जाण्याच्या आधीचा दिवस. ती फोनवर याच रविराजशी बोलत होती आणि मी आत कुकर लावत होतो. तिचा आवाज चढलेला मी उभ्या आयुष्यात दोन-तीनदाच ऐकला असेल. “हे माझ्याच्यानं होणार नाही, रविराज. दुसरं कुणी बघा.” मी बाहेर येऊन विचारलं तर म्हणाली, “काही नाही, दमले मी.” तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. एक प्रिंट काढण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती आणि मला ते कळलं नाही.

तिचं काम अपुरं राहू देणार नाही, असा शब्द मी रविराजला दिला.

११ जानेवारी

कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला. फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन स्टँडजवळ दिशाच्या दुकानात गेलो. दिशाने सिव्हिलचा डिप्लोमा केल्यावर वर्षभर भार्गवीच्या हाताखाली काम केलं होतं. आता झेरॉक्स आणि मोठ्या नकाशांची छपाई करते. तिच्या मशीनमधून कागद बाहेर आला. त्यावर खोली नाही. पुढच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला, वरून पाहिलेली एक मोटार काढलेली आहे.

रविराजला फोन केला. तो म्हणाला, “त्यातच हाय. मॅडम एक बटण दाबून दाखवायच्या अन् दाबून घालवायच्या.”

१३ जानेवारी

दिशाने नीट समजावलं. कॅड म्हणजे नकाशे काढायचा प्रोग्राम, त्यातला नकाशा हा एक कागद नसतो. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असतात. एकावर भिंती, एकावर दारं-खिडक्या, एकावर मापं. प्रत्येकाला लेअर म्हणतात. प्रत्येक लेअरच्या नावापुढे एक छोटा दिवा असतो. दिवा बंद केला की तो लेअर दिसेनासा होतो, पण फाईलमधून जात नाही.

यादीत एकच दिवा बंद होता. तिने तो लावला.

मोटारीच्या जागीच पिवळ्या रेघांची खोली उमटली. दहा बाय बारा. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली पलंग. खोलीला लागूनच मोरी आणि संडास, दोन्हीला उंबरा नाही. संडासाजवळ भिंतीला धरायची दांडी दाखवली आहे आणि तिची जमिनीपासूनची उंचीही लिहिली आहे. पलंगापासून मोरीच्या दारापर्यंत किती पावलं, तेही लिहिलेलं आहे. मध्ये ‘आई’ ही अक्षरं.

मला थोडा वेळ दुकानाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

परत आत गेलो तर दिशा कपाळाला हात लावून बसली होती. पडद्यावर खोली दिसत होती. कागदावर आलेली नव्हती.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्षभर सण नाही. शेजारच्या शोभाताई तिळगूळ न आणता नुसत्याच दारात उभ्या राहिल्या आणि गेल्या.

१६ जानेवारी

दिशाला कारण सापडलं.

“भाऊसाहेब, ही खोली ज्या लेअरवर आहे ना, त्यावरचं काहीच कधी छापलं जात नाही. प्रोग्रामच तसा आहे. पडद्यावर दिसणार, कागदावर येणार नाही.”

“चुकून गेली असेल त्यावर.”

“मॅडमच्या हातून? एकेक रेघ उचलून तिथे नेऊन ठेवलीय. आधी खोली साध्या लेअरवर होती, तो रिकामा लेअर अजून तसाच आहे. हे मुद्दाम केलंय.”

मला लगेच उलगडलं. कुणाचा हात लागून बिघडू नये म्हणून तिने ती सुरक्षित ठिकाणी ठेवली. बँकेची पासबुकंही ती अशीच, साड्यांच्या खाली, मलाही न सापडतील अशी ठेवायची. मी तसं म्हणालो. दिशाने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “छापायचीच आहे का नक्की?”

मी म्हणालो, तिचं शेवटचं काम आहे.

तिने रेघा दुसऱ्या लेअरवर कशा हलवायच्या ते एकदा करून दाखवलं. स्वतः करून द्यायला मात्र ती तयार झाली नाही. गिऱ्हाईक आहे म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं.

२१ जानेवारी

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ बसलो. एकदम सगळं निवडायला गेलं की खालची मोटारही उचलली जाते, म्हणून मी एकेक रेघ निवडतो. एकूण एकशे त्रेचाळीस रेघा. माउस धरून मनगट सुजलं आहे. नवा लेअर करताना नाव विचारलं, तेव्हा मी भार्गवीचं दिलं.

दुःख विसरायला काम करावं असं लोक म्हणतात. मला विसरायला झालं नाही, पण तिच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. ही रेघ तिने कधी काढली असेल, तेव्हा मी घरात होतो का, असं मनात येत राहिलं.

एकच गोष्ट पटली नाही. मोटार आणि खोली एकाच जागी, एकमेकांवर. तिचं काम नेहमी स्वच्छ. प्रकृतीमुळे राहून गेलं असेल. मी मोटारीच्या लेअरचा दिवा बंद केला. मग नकाशा सुरेख दिसू लागला.

२३ जानेवारी

दिशाच्या दुकानात दोन प्रती छापून घेतल्या. एक प्रिंट घेऊन वस्तीवर मी स्वतः गेलो. रविराजने ती उलगडून पाहिली. मग ओमला हाक मारली. “ये, बघ. भाऊसाहेबांनी गाडीसुद्धा घालवली.” ओम म्हणाला, “आपल्याला बी सुचलं नसतं.” दोघंही खूश झाले. कामाचं कौतुक व्हावं हे मला बरं वाटलं.

झुंबरबाई ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. दोन्ही गुडघे सुजलेले. कागद मांडीवर घेऊन त्यांनी आधी त्याच्यावरून हात फिरवला.

“ह्यात माझी कुठली?”

मी बोट ठेवून दाखवलं. ही भिंत, हे दार, ही खिडकी, हा पलंग.

“अन् खिडकीतनं पेरू दिसतील?”

“पूर्वेला बागच आहे. दिसतील.”

“ही काय हाय काडी?”

“धरायची दांडी. संडासातून उठताना.”

त्या बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिल्या. “बाई आल्त्या दिवाळीच्या टायमाला, माप घ्यायला. माझे गुडघे दाबून बघितले त्यांनी, सख्ख्या लेकीवानी. म्हनल्या, मावशी, तुमाला उंबरा चालायचा न्हाई.” मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “बघा रं. परक्या बाईला कळलं. तुमाला पंचेचाळीस वर्सं सांभाळलं, तुमाला माझे गुडघे कुटं हायेत त्ये तरी म्हाईत हाय का?”

“पायात हायेत की,” ओम म्हणाला. सगळे हसले, त्याही हसल्या.

येताना रविराजने पेरूची पिशवी दिली. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

३ फेब्रुवारी

बक्षीसपत्र नोंदवलं. झुंबरबाईंनी हट्टच धरला होता की साक्षीदार म्हणून भाऊसाहेबांचीच सही पाहिजे, म्हणून गेलो. प्रिंट त्यांनी घडी करून पिशवीत आणली होती. अंगठा उठवण्याआधी त्यांनी विचारलं, “ह्या कागदात खोली लिवलीय का?”

रविराज म्हणाला, “आई, कागदात जमीन असती. खोली नकाशात असती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “हो मावशी, असंच असतं.”

ते खरंच तसंच असतं. दस्तात खोल्या लिहीत नाहीत. मी कार्यालयात आयुष्य काढलं आहे.

त्यांनी अंगठा उठवला. मी सही केली.

१८ एप्रिल

झुंबरबाईंचा निरोप आला की आखणी चालली आहे, या. उन्हातून गेलो. मिस्त्रीने चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. झुंबरबाई पुढच्या कोपऱ्यात प्रिंट हातात घेऊन उभ्या होत्या.

“भाऊसाहेब, माझी भित कुटं हाय?”

तिथे भिंत नव्हती. खांबांच्या चार खुणा होत्या आणि मधे मोकळी जागा. मी मिस्त्रीच्या हातातला नकाशा पाहिला. तो मंजूर नकाशा होता, मोटारीचा.

रविराजला बाजूला घेतलं. तो म्हणाला, “आईची सोय मागं करतो की. पत्र्याचं चांगलं करू.”

“पण नकाशात…”

“कुठल्या नकाशात, भाऊसाहेब? मंजूर हाय त्यात मोटारच हाय.”

“मग ती खोली?”

“आधी मॅडमनी स्वतःहून काढली हुती. आम्ही म्हणलं, न्हाई, तिथं पार्किंग घ्या. खोली फक्त आईपुरती एका प्रिंटवर ऱ्हाऊ द्या. मॅडमनी पार्किंग घेतलं. खोली फाईलीत ठिवली. तुम्ही ती छापून दिली. आता ह्यात चूक कुणाची म्हणायची?” माझ्या खांद्यावर हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडमचं नाव चांगलं हाय गावात. तसंच राहू द्या.”

झुंबरबाईंशी न बोलता परतलो.

१९ एप्रिल

दोन्ही प्रिंटा टेबलावर शेजारी ठेवल्या. कार्यालयात दोन नोंदी जुळल्या नाहीत की मी असंच करायचो.

एकीत खोली नाही, कारण तिने दिवा बंद केला होता. दुसरीत मोटार नाही, कारण मी बंद केला. म्हणजे एकाच फाईलमधून दोन नकाशे निघावेत अशी ती तयारी होती. एक बँकेसाठी आणि एक म्हातारीसाठी. ती तिने केली. दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

चोवीस वर्षांत तिने असं आणखी किती जणांना करून दिलं असेल?

हे इथे लिहिलं. तोंडाने कुणाला सांगणार नाही.

६ जुलै

आषाढी. शोभाताईंनी भगरीचा डबा आणला. मॅडमसारखं सरळ माणूस पुन्हा होणार नाही, म्हणाल्या. मी डबा रिकामा करून दिला.

फोटोकडे पाहणं होत नाही. कपाटाच्या बाजूला वळवून ठेवला आहे.

२३ नोव्हेंबर

रविराजच्या बंगल्याची वास्तुशांत. बोलावणं होतं. जाणार नव्हतो, पण गेलो नसतो तर लोकांनी कारण विचारलं असतं. पुढच्या कोपऱ्यात नवी पांढरी गाडी, तिला हार. मागे पत्र्याचं शेड. आत ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, औषधांचे डबे, आणि त्यांच्यामध्ये झुंबरबाईंची बाज. संडास बागेच्या पलीकडे. दाराला चांगला वीतभर उंबरा.

त्या बाजेवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आलात? जेवला का? बुंदी चांगली केलीय.” नंतर म्हणाल्या, “पोरांनी न्हाई बांधली. बाईंनी काढली हुती, पर. बाईंचा काय दोष?” प्रिंट त्यांनी पत्र्याला तारेने अडकवून ठेवली होती.

४ डिसेंबर

झुंबरबाईंची मुलगी अश्विनी आली. ती काष्टीला दिली आहे. घरात येऊन खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

“आई परवा त्या उंबऱ्यात पडली. कंबरेला मार हाय. तिथंच पडून हुती, ओमची बायको कपडे वाळत घालत हुती म्हणून दिसली.”

मी विचारलं, आता कशा आहेत?

“तुम्हाला काय करायचंय? मी प्रांताकडं अर्ज केलाय. म्हाताऱ्या माणसांचा कायदा हाय. सांभाळतो म्हणून जमीन घेतली अन् सांभाळलं न्हाई, तर बक्षीसपत्र रद्द होतं. पण वकील म्हणतो, खोलीचं लिखाण कुठं न्हाई. हाय ती तुम्ही दिलेली प्रिंट. कुणी सांगितली, कशाला छापली, एवढं खरं सांगा. बस.”

“मी काय सांगणार?”

“जे झालं ते! माझी आई कागद वाचून अंगठा उठवत न्हाई, भाऊसाहेब. माणसाच्या तोंडाकडं बघून उठवती. तवा तुमच्या तोंडाकडं बघितलं तिनी.”

मी विचार करतो म्हणालो. ती म्हणाली, “करा. उंबऱ्यात पडल्या-पडल्या आई बी लई विचार करत हुती.”

९ डिसेंबर

वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे झालं. गुरुजी, पुतण्या, मी.

गुरुजींनी जेवताना पुतण्याला सांगितलं, “माझ्या घराचा नकाशा यांच्या मंडळींचाच. एक रेघ खोटी नाही.”

१२ जानेवारी २०२६

डायरीची पानं संपली. शेवटी टेलिफोन नंबरांसाठी कोरी पानं आहेत, त्यांवर लिहितो.

परवा प्रांत कचेरीत साक्ष आहे. आज दिशाच्या दुकानावरून जाताना तिने हाक मारली. काउंटर सोडून रस्त्यावर आली.

“भाऊसाहेब, तुम्हाला बोलावलंय असं ऐकलं. मी येऊ का? मला त्या फाईलचं सांगता येईल. मॅडमनी ती खोली ज्या लेअरवर नेली होती…”

“दिशा, मला आता लेअरचं काही सांगू नकोस.”

“ऐका तरी. ज्याला छापून द्यायचंय तो माणूस न छापणाऱ्या लेअरवर कशाला…”

“तिच्या हाताखाली शिकलीस ना तू? मग तिचं नाव चारचौघांत येईल असं काही करू नकोस. हात जोडतो.”

खरंच हात जोडले. रस्त्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही कळलं असणार, भार्गवीने काय केलं ते. तिच्या चांगुलपणामुळे ती मला धीर द्यायला पाहत होती.

घरी येऊन फाईल उघडली. भार्गवीच्या नावाचा लेअर निवडला आणि पुसला. पुसताना प्रोग्राम काहीच विचारत नाही. मग फाईल तशीच सेव्ह केली आणि पेन ड्राइव्हवरची प्रतही काढून टाकली. दिशाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरची प्रत तिने तेव्हाच काढून टाकली होती, असं तिनेच मागे सांगितलं होतं.

१४ जानेवारी

साक्ष झाली. प्रांत म्हणजे तिशीतल्या बाई. सावकाश, नीट विचारत होत्या.

“हा नकाशा कुणी काढला?”

“नकाशा माझ्या पत्नीने. खोली मी.”

“तुम्हाला नकाशे काढता येतात?”

“नाही. ती गेल्यावर वेळ जात नव्हता. तिच्या कॉम्प्युटरवर शिकत होतो. सराव म्हणून काढली.”

“कोपऱ्यात नाव त्यांचं आहे.”

“ती चौकट प्रत्येक कागदावर आपोआप येते. मी तशीच राहू दिली.”

“खोली काढा असं मुलांनी सांगितलं होतं?”

अश्विनी माझ्याकडे पाहत होती. रविराज खिडकीबाहेर.

“नाही,” मी म्हणालो.

“मग सरावाचा कागद या आजींना का दिलात?”

“चूक झाली. मी दुःखात होतो.”

प्रांतबाईंनी पेन खाली ठेवलं. मग मुलांच्या वकिलांनी विचारलं की बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही करताना आजींनी अंगठा राजीखुशीने उठवला होता का. मी हो म्हणालो. ते खरं आहे.

बाहेर आल्यावर अश्विनी माझ्याकडे न पाहता रिक्षा बघायला गेली. कचेरीला सात पायऱ्या आहेत. झुंबरबाई पहिल्या पायरीवर बसल्या आणि बसूनच एकेक पायरी उतरू लागल्या. मी त्यांची पिशवी धरून शेजारून उतरत होतो. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या.

“भाऊसाहेब, खोली तुमी काढली हुती?”

“हो.”

“मोरीला उंबरा न्हाई, त्ये बी तुमीच?”

“हो.”

“अन् धरायची दांडी?”

“हो मावशी.”

“बाईंनी न्हाई?”

“नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. “मला आपलं वाटायचं, बाईंनी. रातीला उटताना त्या दांडीचं ध्यान यायचं. म्हनायचे, हातात न्हाई घावली तर न्हाई, पर आपल्यासाटी कुनी एकानं काढली तर हुती.” मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “असूं द्या.” आणि चौथी पायरी उतरल्या.

१२ फेब्रुवारी

निकालाची प्रत मिळवली. सात पानं. अर्ज नामंजूर. मुलांनी दरमहा काही रक्कम द्यावी आणि आईला त्रास देऊ नये, अशी समज दिली आहे. बक्षीसपत्र कायम. नकाशाबद्दल पाचव्या पानावर आहे: तो साक्षीदाराने स्वतः, सरावासाठी, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असा तयार केला असल्याने विचारात घेता येत नाही.

कार्यालयातल्या सवयीने पट्टी ठेवून ओळ न् ओळ तपासली. तीनदा. ‘साक्षीदाराची मयत पत्नी’ असं दोन ठिकाणी आहे. भार्गवीचं नाव कुठेही नाही.